शहापूरची मावशी

दर तीन आठवड्यांनी माझी शहापूरची मावशी आजारी पडायची. मग आई तिच्यासाठी डबा भरायची, मला धुतलेला फ्रॉक घालायची आणि आम्ही दोघी सकाळच्या जीपने सरळगावला जायचो. तिथून किन्हवलीमार्गे शहापूरची एसटी. वाटेत गावातल्या बायका विचारायच्या, "कशी हाय गो तुझी बहीन?" आई म्हणायची, "आहे तशीच." या उत्तरात खोटं काही नव्हतं, कारण मावशीच नव्हती. आजारी मी होते.

मला हृदयाचा आजार आहे हे आमच्या गावात पहिली दीड वर्षं कुणालाही ठाऊक नव्हतं. आता मी चाळिशीकडे चालले आहे आणि माझ्याकडे अजून आया येतात. कुणाच्या मुलीला जिना चढताना दम लागतो, कुणाच्या मुलाचं इंजेक्शन नुकतंच सुरू झालेलं असतं. औषधाचं सगळं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, ते त्या मला विचारत नाहीत. इकडेतिकडे बघून आवाज खाली आणतात आणि विचारतात, "ताई, गावात सांगू का नको?" एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

करंजाचं तेल

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, पण शहापूरकडच्या टोकाला. भातशेती सगळ्यांचीच. बाबा मुरबाडच्या एमआयडीसीत एका कंपनीत हेल्पर होते, सकाळी जायचे ते दिवेलागणीनंतर यायचे. आई घाटावरची. तिचे आईवडील लवकर गेले, त्यामुळे तिच्या माहेरचं आमच्याकडे कुणी फारसं फिरकत नसे. शेजारी भागीरथीकाकू. तिला सगळं गाव भागी म्हणायचं, आई भागीबाय म्हणायची, मी भागीकाकू, आणि ती मला रंजी. तिची मुलगी मंदा माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. दोन घरांमध्ये कारवीचं कुंपण होतं आणि आम्ही दोघींनी त्याला आमच्या मापाचं एक भगदाड पाडून ठेवलेलं होतं. काकू ते दर दिवाळीत बुजवायची, आम्ही पुन्हा पाडायचो.

सहावीत असताना थंडीच्या दिवसांत आम्हा दोघींचा घसा धरला. थुंकी गिळवेना. मिठाच्या गुळण्या झाल्या, हळदीचं दूध झालं, चार दिवसांनी आम्ही पुन्हा चिंचेच्या झाडाखाली. गावात घसा दुखणं हा आजार धरत नाहीत, शाळा बुडवायला निमित्त धरतात.

त्यानंतर काही आठवड्यांनी माझा उजवा गुडघा सुजला. लाल, गरम, पांघरूण लागलं तरी ओरडायचे मी. गुडघा उतरला तर घोटा सुजला, घोटा उतरला तर दुसरा गुडघा. मोठी माणसं म्हणाली, वाढीचं दुखणं आहे. भागीकाकू चोळण्यात तरबेज होती, बाळंतिणी तिच्याच हातच्या. तिने करंजाचं तेल गरम केलं आणि रोज संध्याकाळी ओट्यावर मला पाय पसरून बसवलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मंदा माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिनेही पाय पसरले.

"तुजा काय आनि?" काकूने विचारलं.

"माजा पन दुखताय."

"हिचा बघून तुजा दुखताय," काकू म्हणाली, पण तिने तिचेही पाय चोळले. मंदाचा गुडघा माझ्याइतका सुजला नव्हता. ती मुळात कमी बोलणारी, दुखलं तरी ओठ चावून बसणारी.

पंधरा दिवसांत आम्ही दोघी पळायला लागलो. काकूच्या हाताचं गावभर कौतुक झालं. हा आजार असाच असतो हे मला फार नंतर कळलं. सांध्यांमधून तो आपण होऊन निघून जातो. आपल्याला वाटतं, बरं झालं. त्या वेळी तो आत उतरलेला असतो.

दार

होळीच्या आसपास मला विहिरीवरून कळशी आणताना मध्येच बसावं लागायला लागलं. एक दिवस शाळेत प्रार्थनेला उभी असताना खाली कोसळले. मुरबाडच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि ती बराच वेळ काढलीच नाही. मग ते बाबांशी बोलताना माझ्याकडे बघेनासे झाले. तिथून कल्याण आणि कल्याणहून मुंबईचं मोठं सरकारी रुग्णालय.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळे झोपेने तारवटलेले. त्यांनी आईबाबांना समोर बसवलं आणि सांगितलं की हृदयात दारं असतात, रक्त एकाच बाजूने जावं म्हणून. हिचं एक दार खराब झालंय, नीट मिटत नाही.

"कशानं?" बाबांनी विचारलं.

"घसा आला होता ना हिला, त्याच्यातून."

बाबा चक्क हसले. घशातून काळजाला काही होतं हे त्यांना पटेना, त्यांना वाटलं बाई दुसऱ्याच पोरीचे कागद बघून बोलतायत. बाईंनी त्यांना हसू दिलं. मग म्हणाल्या की दार आता पहिल्यासारखं होणार नाही, पण आणखी बिघडू नये एवढं आपल्या हातात आहे. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्यायचं. कित्येक वर्षं. एकही चुकवायचं नाही. पुन्हा घसा आला, पुन्हा सांधे सुजले, की प्रत्येक वेळी ते दार आणखी जाणार.

बाबांचं हसू मावळलं. त्यांनी विचारलं, "लगीन होईल ना पोरीचा?"

"आधी पोरगी जगू द्या," बाई म्हणाल्या. त्या चिडल्या होत्या हे मला तेव्हाही कळलं. मग वही पुढे ओढून त्यांनी विचारलं, "हिच्याबरोबर घरात, शेजारी आणखी कुणाला असं झालं होतं? घसा, सांधे?"

बाबा म्हणाले, "नाय." त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. ओट्यावरचं चोळणं बायकांचं, ते घरी यायच्या आत उरकलेलं असायचं. आईला ठाऊक होतं. तिने फरशीकडे बघितलं. मला वाटलं ती आता मंदाचं नाव घेईल, पण तिच्या डोक्यात त्या क्षणी फक्त मी होते.

मुलांचा वॉर्ड

महिनाभर मी तिथे पडून होते. खाटेवरून उतरायचं नाही, मीठ नाही. बिनमिठाच्या डाळीबद्दल मला आजही राग आहे. वॉर्डात सगळी काळजाचीच मुलं. आम्ही सकाळी उठलो की एकमेकांची पावलं बघायचो, कुणाची सुजलीत आणि कुणाची उतरलीत. ज्याची उतरली तो त्या दिवशीचा राजा.

शेजारच्या खाटेवर जव्हारकडची एक मुलगी होती, माझ्याहून लहान. तिला आडवं झोपता यायचं नाही, ती उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायची आणि तिच्या श्वासाचा आवाज ओल्या चाळणीतून पाणी गळावं तसा यायचा. मला पहिल्यांदा त्या आवाजाची चीड यायची. नंतर सवय झाली. एका सकाळी मी जागी झाले तर आवाज नव्हता. खाटेवर नवी चादर होती, आणि आया मला म्हणाली, "घरी गेली ती." तिची चप्पल खाटेखाली तशीच होती.

आई माझ्या खाटेखाली चटई टाकून झोपायची. तिनेही तो आवाज महिनाभर ऐकला होता. ती चप्पल तिनेच उचलून आयाकडे दिली.

तिथे चांगलं काही झालंच नाही असं नाही. ती आया दुपारच्या चहात बुडवायला मला स्वतःच्या डब्यातलं बिस्कीट द्यायची आणि वर दम द्यायची, "डॉक्टरना सांगशील तर उद्या बंद." मी नाही सांगितलं.

ठरलं ते

परत येताना कल्याणच्या एसटी स्टँडवर बाबांनी ठरवलं. "गावात सांगायचा नाय. न्यूमोनिया झाला व्हता म्हनायचा."

आई म्हणाली, "आणि सुईचं?"

"भायेर कुठंतरी. शहापूरला बघू. आपल्या दवाखान्यात नर्सला कळला म्हंजे गावजेवन."

बाबा वाईट नव्हते. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या अंगावर पांढरे डाग आले होते. तिचं लग्न झालं नाही, तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही, तिच्या हातचं पाणी कुणी घेतलं नाही, आणि ती आमच्याच मागच्या पडवीत एकटी म्हातारी होऊन मेली. बाबांना डॉक्टरीणबाईंच्या दाराची भीती नव्हती, त्या पडवीची होती. आईने मान हलवली. मी तर काय, न्यूमोनिया हा शब्द म्हणायला मजा येते म्हणून खूश होते.

अशी मावशी जन्माला आली.

शहापूरच्या दवाखान्यात आधी हातावर थोडंसं औषध टोचून बघायचे. लाल चट्टा उठूनही सुई दिली तर पोरगी जागेवर जाऊ शकते, असं तिथल्या डॉक्टरांनी आईला साफ सांगितलं होतं. त्यामुळे अर्धा तास आई माझ्या मनगटाकडे टक लावून बसायची. डास बसला तरी तिचा चेहरा पांढरा पडायचा. मग मोठी सुई, कमरेखाली. औषध घट्ट असायचं, कंपाउंडर बाटली तळव्यांत घोळवत राहायचा आणि मला शाळेतलं काहीतरी विचारायचा. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं की सुई आत. दर वेळी फसायचे मी. नंतर स्टँडवर आई मला बटाटाभजी घेऊन द्यायची आणि स्वतः एकही खायची नाही.

इंजेक्शननंतर मी लंगडायचे. गावात विचारलं तेव्हा आई म्हणाली, मावशीच्या जिन्यावरून पडली. म्हणून मावशीच्या घराला जिना आला. मग जिना आहे तर घर पक्कं, घर पक्कं तर नवरा नोकरीला, असं करत करत मावशीला दोन मुलगे, एक म्हैस आणि एक खाष्ट सासू झाली. आई रात्रीच्या भाकऱ्या करताना मला सगळं पाठ करून घ्यायची, म्हणजे दोघींच्या बोलण्यात फरक पडू नये. आम्ही हसायचोही. सासूला आम्ही फार वाईट रंगवली होती.

पण दर तीन आठवड्यांनी जायचं म्हणजे आजार तसाच दांडगा हवा. आईला दुसरा कुठला आजार सुचला नाही. तिने मावशीला माझाच दिला. "काळजाचं आहे तिला," ती म्हणाली.

आणि सगळं गाव मावशीची काळजी करायला लागलं. कुणी नाचणीचं पीठ बांधून द्यायचं, कुणी गावठी अंडी. देवळात तिच्या नावाने नारळ फुटला. भागीकाकू तर दर खेपेला काहीतरी द्यायचीच, आणि "तिला जड उचलू नको म्हनावा" असा निरोपही. हे सगळं मीच खायचे. मंदा कुंपणातून विचारायची, "मावशी मरंल काय गो?" मी म्हणायचे, नाय.

कुंपणापाशी

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात, रोपांच्या वाफ्यांवर पालापाचोळ्याचे राब भाजून झाले होते तेव्हा, भागीकाकू कुंपणाशी आली. आई पलीकडे वाळवण उलथत होती, मी ओट्यावर.

"शेवंते, एक इचारू? तुझ्या बहिनीला आधी काय झाला व्हता गो?"

आईचे हात थांबले. "का?"

"नाय, मंदी आताशा दमताय. ह्या थंडीत पन तिचा घसा आला, मंग गुडघं धरलं. चोळला मी, गेला. पन आता पान्याला गेली का टेपाडावर बसताय." काकू जरा हसली. "बोलली, इचारावा."

मी आईकडे बघत होते. आईला सगळं ठाऊक होतं, त्या कुंपणाच्या दोन्ही बाजूंना मिळून फक्त तिलाच ठाऊक होतं. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. तुला कसं ठावं? रंजीचं पण गेल्या वर्षी असंच होतं ना? ती तर महिनाभर मुंबईला होती ना?

"तिचं वयाचं आहे," आई म्हणाली. "असलं पोरांना नाय होत, भागीबाय. मंदीच्या अंगात रक्त कमी असेल. बीट दे, गूळ-शेंगदाणे दे."

काकूचा चेहरा उजळला. तिला तेच ऐकायचं होतं. ती मंदाला हाक मारत घरात गेली आणि दुसऱ्या दिवशी सरळगावच्या बाजारातून बीट आलं. मंदाने मला कुंपणातून लाल झालेली जीभ दाखवली.

आई त्या दिवसानंतर नीट जेवायची नाही. मंदा अंगणात आली की ती आत निघून जायची. मी एकदा म्हटलं, आई, मंदाला पण नेऊ या ना मावशीकडे. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. एक शब्द बोललं की घर वाचत नाही आणि न बोललं तर शेजार वाचत नाही, अशा जागी ती उभी होती. मला तेव्हा तिचा राग यायचा. आता माझी स्वतःची मुलगी आहे आणि तो राग कुठे ठेवावा कळत नाही.

लावणी

आमच्याकडे लावणीला मजूर लावत नसत, अजूनही फारसे लावत नाहीत. आज सगळ्या बायका तुमच्या शेतात, उद्या आमच्या, परवा तिसऱ्याच्या. तुमच्याकडे जितकी माणसं आली तितकी तुम्ही परत पाठवायची. पोर तेरा-चौदा वर्षांची झाली की तिला पूर्ण माणूस धरतात. ज्या वर्षी धरतात त्या वर्षी पोरी तोऱ्यात असतात. मंदाला त्या वर्षी धरलं होतं.

मलाही धरलं असतं. पण आईने माझ्या वाटणीचं कामही स्वतः अंगावर घेतलं आणि मला बांधावर ठेवलं, रोपाच्या मुठी फेकायला. "न्यूमोनियानंतर पाण्यात नको," ती म्हणाली. बायकांनी नाकं मुरडली. कुणीतरी म्हणालं, आमच्या पोरी काय वाटेवर पडल्यात?

त्या दिवशी भागीकाकूच्याच शेतात होतो. सकाळपासून कोसळत होता. डोक्यावर इरली, कमरेत वाकलेल्या बायकांची एक ओळ, मागे मागे सरकत जाणारी. आई आणि मंदा शेजारी शेजारी. मी वरून बघत होते. मंदा दोन मुठी लावायची आणि सरळ उभी राहायची. पुन्हा वाकायची, पुन्हा उभी. खोकायची. ओळीत तिच्यासमोर रिकामा चिखल राहायला लागला आणि तो भरायला आई न बोलता आपला हात लांब करायची.

"मंदे, शेटानी झालीस काय?" कुणीतरी ओरडलं. सगळ्या हसल्या. मंदाही हसली आणि त्या हसण्यानेच तिला धाप लागली. तिने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. मला इतक्या दुरून तिचा श्वास ऐकू येत नव्हता, पण आई तिच्या अगदी कानाशी होती.

आईच्या हातातली मूठ पाण्यात पडली. मी तिचा चेहरा बघितला. तसा चेहरा मी वॉर्डात बघितला होता, ती चप्पल उचलताना.

"भागीबाय," आई म्हणाली, "हिला वर काढ."

"दमली असंल. बसंल जरा बांदावर."

"दमली नाय. हिला काळजाचं झालंय. माझ्या रंजीला आहे, तेच."

पाऊस चालूच होता. ओळ थांबली. काकू कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "रंजीला काय हाय?"

"काळजाचं. दीड वर्ष झालं. शहापूरला माझी कुणी बहीण नाय. पोरीला सुई द्यायला जाते मी."

एक बाई हसली, काय करावं न कळून. बाकी कुणी हसलं नाही. काकू चिखलातून दोन पावलं पुढे आली. तिला राग यायला वेळ लागत होता, आधी ती हिशेब जुळवत होती.

"तू तर बोलली, पोरांना नाय होत."

"बोलले."

"मंजे तुला म्हाईत व्हता."

"होतं," आई म्हणाली.

मला वाटलं काकू तिला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने आईला हाताने बाजूला सारलं, मंदाला पाठुंगळी घेतलं आणि बांधाकडे निघाली. मंदाची मान तिच्या खांद्यावर होती. ती माझ्या बाजूने गेली तेव्हा मी तो आवाज ऐकला. ओल्या चाळणीतून पाणी गळावं तसा.

झोळी

ओहोळाला पूर होता, जीप गावात येत नव्हती. बाप्ये जमले, घोंगडीची झोळी बांबूला बांधली आणि मंदाला त्यात घालून कमरेइतक्या पाण्यातून पलीकडे नेलं. बाबाही खांदा द्यायला गेले होते. ज्या गावाला कळू नये म्हणून आम्ही दीड वर्ष धडपडलो ते सगळं गाव त्या दिवशी ओहोळात उतरलं होतं. मी काठावर उभी होते आणि माझ्याकडे कुणी वळूनही बघत नव्हतं.

आईही निघाली. काकूने तिला नको म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. मुंबईचं रुग्णालय, वॉर्ड, खिडक्या, कुठे काय मिळतं, सगळं आईलाच माहीत होतं. ती पुढे चालत राहिली आणि काकू तिच्या मागे. दोघी त्या वॉर्डात एकाच चटईवर झोपल्या आणि एकमेकींशी बोलल्या नाहीत, हे बाबांनी नंतर सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. ते वाक्य ते दिवसातून कितीजणांना म्हणत असतील, पण ते काकूला म्हणाले तेव्हा आई शेजारी उभी होती.

मंदा गणपतीच्या आत गेली.

त्यानंतरची सुई

त्यानंतरच्या माझ्या इंजेक्शनच्या दिवशी आई उठलीच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बाबा कंपनीत गेलेले. मला मनातून वाटलं, बरं झालं, एक चुकलं तर काय होतंय. तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली, आख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी.

"रंजे! तुझी काळजाची सुई हाय ना आज?"

भागीकाकू होती. पायात चपला, डोक्यावर पदर. मी दारात गेले. घराघरातून माणसं बाहेर आली होती.

"चल," ती म्हणाली. "गाडी चुकंल."

एसटीत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. दवाखान्यात अर्धा तास माझ्या मनगटाकडे बघत बसली. भजी घेऊन दिली नाहीत. परत आलो तेव्हा आई दारात उभी होती, काकू तिच्याकडे न बघता सरळ पुढे गेली.

पुढच्या वेळी आई उठली, मला घेऊन निघाली. तरी काकूची हाक आलीच. त्याच्या पुढच्याही वेळी. वर्षानुवर्षं दर तीन आठवड्यांनी ती रस्त्यावर उभी राहून ओरडायची, "रंजे, काळजाची सुई!" ते प्रेम होतं की शिक्षा, मी कधी विचारलं नाही. मला वाटतं दोन्ही होतं, आणि तिला ते वेगळं करायचंही नव्हतं. वयात येताना मला त्या हाकेची इतकी लाज वाटायची की मी कान झाकून घ्यायचे. पण त्याच हाकेमुळे एक दिवस वरच्या आळीतली एक बाई जीपपाशी येऊन थांबली. तिच्या कडेवरच्या मुलाचा घोटा सुजलेला होता. "याला पन नेता काय?" तिने विचारलं. तिला घेऊन गेलो. पुढे डोंगराकडच्या पाड्यावरून दोघं आले. काही पोरांचं निघालं साधंच. एकाचं नव्हतं.

सांधे सुजले आणि आपोआप उतरले तर सुटकेचा श्वास टाकू नका. लेकराच्या छातीला नळी लावून घ्या. मला सांगण्यासारखं शास्त्र एवढंच येतं. आणि गावात सांगायचं की नाही, त्याचं उत्तर आता तुम्हाला कळलं असेल.

बाबांची भीती अगदीच खोटी नव्हती. माझी दोन स्थळं मोडली. तिसऱ्याने आधीच सगळं ऐकलेलं होतं, त्यामुळे त्याच्याशी लपवाछपवी करायची वेळच आली नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा आधी नीट न मिटणारं माझं ते दार आता आखडलं, उघडेना. पुन्हा मुंबई. या वेळी छाती न फाडता मांडीतून नळी घालून, फुगा फुगवून त्यांनी ते मोकळं केलं. मी शुद्धीवर होते. दार उघडल्यावर पहिला मोकळा श्वास आला तेव्हा मी टेबलावर पडल्या पडल्या रडले, आणि सिस्टर म्हणाल्या, हलू नका.

विश्रांतीला माहेरी आले. दुसऱ्या दिवशी दुपारी भागीकाकू आली. मंदा गेल्यापासून तिने आमचा उंबरा ओलांडला नव्हता. हाक मारायची ती रस्त्यावरूनच. केस पांढरे झाले होते. ती माझ्या खाटेवर बसली आणि तळवा माझ्या छातीवर ठेवला. तिचा हात अजून जड आणि गरम होता. तिने डोळे मिटले आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"चालताय बरा," ती म्हणाली.

मी मान हलवली. तिने हात काढला नाही.

"मंदीचा पन असाच चालला असता."

आई चहा घेऊन दारात आली होती. तिने ते ऐकलं. काकूला ते तिला ऐकवायचंच होतं.